जर्बिलांची सोयरीक

जर्बिल पाळायला सोपे, हे ऐकीव मत खोटं नाही. वाळवंटातला, उंदरासारखा छोटा प्राणी; पाणी बेताचं पितो, लघवी थेंबभर करतो, त्यामुळे तो राहतो त्या टाकीला वासही फारसा येत नाही. त्रास आहे तो त्याच्या घरगुती राजकारणाचा.

एकटा जर्बिल झुरतो, म्हणून जोडीदार आणावा. पण दोन अनोळखी मोठे जर्बिल एकदम एकत्र सोडले तर ते एकमेकांचा जीवही घेतात. मग टाकीच्या मधोमध जाळी लावायची, एक अलीकडे, एक पलीकडे, आणि रोज दोन-तीनदा जागांची अदलाबदल करायची. रूप, गुण, स्वभाव यांना इथे काडीची किंमत नाही. सगळा मामला वासाचा आणि पोटावरच्या गंधग्रंथीचा. या बदल्या करणारा अधिकारी मी. शेपटीला धरून उचलायची सोय नाही, कारण तिची कातडी मोज्यासारखी निसटून येते. ओंजळीत घ्यावं तर साहेब बाहीतून थेट काखेत.

जाळी काढायच्या दिवशी मी जाड हातमोजे घालून बसलो. दोघांचा गोळा होऊन गडगडला तर तत्काळ सोडवायचे, अशी तयारी. त्यांनी एकमेकांना हुंगलं, कान साफ केले आणि बिलगून झोपले. इतके दिवस आडवा आला होता तो जणू मीच!

त्यानंतर सुरू झाले ठोके. जर्बिल मागचे पाय जमिनीवर आपटतो: धोका दिसला तरी, प्रेम दाटून आलं तरी. तो थोडं झोपतो, थोडं जागतो, असं दिवसरात्र चालू; त्यामुळे प्रेमाला वेळकाळ नाही.

गर्भ साधारण २४ ते २६ दिवसांचा. पण व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा मिलनाला तयार. अंगावर पिल्लं पीत असतील तर पुढचा गर्भ रुजायला थांबतो, एवढीच काय ती सवलत. जगभरच्या पिंजऱ्यांतले बहुतेक मंगोलियन जर्बिल १९३५ साली पकडलेल्या जेमतेम २० जोड्यांचे वंशज आहेत म्हणतात, ते पटायला मला पुरावा लागला नाही.

बाप मात्र गुणी. घरटं सावरतो, उघडी-आंधळी पिल्लं उबवतो. घरातल्या प्रत्येक खोक्याचा भुगा दोघं मिळून करतात. दात जन्मभर वाढतात, त्यांनी तरी काय करावं? अडीच-तीन आठवड्यांत पिल्लांचे डोळे उघडले आणि भुग्याचा वेग वाढला.

ही वीण थांबवायची तर बापाला हलवायला हवं. एकटा ठेवावा तर झुरेल, म्हणून मुलग्यांसकट दुसऱ्या टाकीत, आई मुलींबरोबर. म्हणजे एवढ्या खटपटीने जुळवलेलं जोडपं मीच वेगळं केलं. थोडे दिवस गेले की दोघं पुन्हा परके होतील, आणि एकत्र आणायचे तर पुन्हा जाळी. बाप तिकडे पाय आपटतो, आणि मुलगेही आपटतात. धोका की प्रेम, हे त्यांनी त्याला विचारलेलं दिसत नाही.