पाहुणा बोलायला लागलाच तर काय कराल?

टॉक शोचे निवेदक व्हायचं ठरवलंय ना? अभिनंदन. सोफा वाहिनी देईल, कपडे प्रायोजक देईल, प्रश्न कार्डांवर छापून मिळतील. उरला पाहुणा. त्याचा बंदोबस्त तेवढा तुम्ही करायचा.

आधी इतिहास विसरा. पु. ल. देशपांड्यांनी दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात पंडित नेहरूंची मुलाखत घेतली होती, १९७२ मध्ये आलेल्या 'फूल खिले हैं गुलशन गुलशन'मध्ये तबस्सुम दोन दशकं नटनट्यांना बोलतं करत राहिल्या, असल्या माहितीचा तुम्हाला उपयोग शून्य. सुधीर गाडगीळ म्हणे पाहुण्याचा अभ्यास करून येतात. विक्रम गोखले 'दुसरी बाजू'मध्ये प्रश्न विचारून चक्क उत्तर ऐकत बसायचे. अहो, तेवढ्यात दोन जाहिराती होतात!

सेट मात्र परदेशी हवा. टेबल, खुर्ची, बाजूला बँड, हा सगळा संसार अमेरिकेत स्टीव्ह अ‍ॅलनने १९५४ मध्ये 'टुनाइट'वर मांडला. आपल्याकडे १९९७ मध्ये शेखर सुमनने. तो खुशाल उचला. जॉनी कार्सनची सवय तेवढी उचलू नका. हा गृहस्थ १९६२ ते १९९२ त्या खुर्चीत बसला, आणि पाहुणा रंगात आला की स्वतः गप्प राहून हसायचा. निवेदकच गप्प? मग मानधन कशाचं?

पाहुण्याचं नाव कार्डावर बघून घ्या. आडनाव चुकलं तरी चालतं.

सिनेमाचं प्रमोशन असेल तर दर वाक्यात 'धमाल' म्हणा.

आता मुख्य कौशल्य: मध्येच तोडणं. याचं प्रात्यक्षिक मी परवा रात्री पाहिलं. संगीत रंगभूमीवरच्या एक ज्येष्ठ बाई आल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून खणखणीत. त्या सांगत होत्या, दौऱ्यावर भर प्रयोगात गावातली वीज गेली, पेट्रोमॅक्स येईपर्यंत पेटीवाल्याने अंधारातच सूर धरला आणि त्यांनी पद... "वॉव, काय भारी किस्सा!" निवेदक ओरडला. अहो, किस्सा संपला कुठे होता? बाईंनी पुन्हा तोंड उघडलं, तर "आजी, आजी, तुमच्यासाठी एक सरप्राइज आहे!" सरप्राइज काय, तर पडद्यावर त्यांच्या दिवंगत यजमानांचा फोटो. मागे रडकी बासरी, कॅमेरा थेट डोळ्यांत. बाई रडल्या नाहीत. मग "आज ते असते तर?" तरी नाही. "खूप आठवण येते ना?" पाणी काढल्याशिवाय सोडणार नाही असा पणच केला होता त्याने. नाहीच निघालं, म्हणून ब्रेक. ब्रेकनंतर रॅपिड फायर: चहा की कॉफी? मुंबई की पुणे? ज्या बाईने उभा जन्म नाट्यपदांत घालवला तिला चहा की कॉफी! शेवटी उभं करून रीलवरच्या कुठल्याशा गाण्यावर हात हलवायला लावले. प्रेक्षकांच्या टाळ्या. अंधारात म्हटलेलं ते पद कोणतं, ते राहिलंच.

टिपा गेल्या खड्ड्यात. अरे बाबा, प्रश्न विचारलास ना? मग उत्तर येईपर्यंत तोंड मिट. एवढंच काम आहे तुझं, त्याचेच पैसे मिळतात तुला. आणि वाहिनीवाल्यांनो, तासन्‌तास शूटिंग करून ठेवता काय, तर फोटो बघतानाचा चेहरा? असा दौरा केलेली माणसं आता उरलीत किती? 'प्रेक्षकांना हेच आवडतं' हे आमच्या माथी मारू नका. आम्हाला कुणी विचारलं? पुढच्या भागात म्हणे तमाशातल्या एक ज्येष्ठ कलावंत बाई येणार आहेत. त्यांना निदान एक वाक्य पुरं करू दे. तो बासरीवाला घरी पाठव. आणि ऊठसूट 'आजी, आजी' करू नकोस, बाई म्हण.