‘बुद्धीने लहान’ म्हणे!

मावशीने आईला फॉरवर्ड पाठवला: ‘सेरेब्रल पाल्सी, प्रत्येक पालकाने वाचावे’. सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा न राहणं. म्हणे हे ग्रहणात चिरल्या-कापल्याने होतं, अमुक तेलाने 40 दिवसांत बरं होतं, अशी मुलं मोठी झाली तरी बुद्धीने लहानच राहतात, म्हणून व्यवहार, प्रवास, लग्न या भानगडीत त्यांना पाडू नये. शिवाय वयाबरोबर त्रास वाढत जातो. मी चाळिशीची आहे, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे आणि आईने तो फोन माझ्याच हातात दिला.

ग्रहणाचं उरकून टाकते. वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा अगदी लहानपणी इजा झाली की हे होतं: अपुऱ्या दिवसांचा जन्म, ऑक्सिजन कमी पडणं, तीव्र कावीळ, मेंदूचा संसर्ग. विळीचा संबंध नाही. हसण्यावारी नेलं असतं, पण 26 डिसेंबर 2019च्या सूर्यग्रहणात कलबुर्गीजवळ अपंग मुलांना बरं करायला गळ्यापर्यंत मातीत पुरलं होतं.

तेल? मालिशने ताठरलेले स्नायू घटकाभर सैलावतात. मेंदूतली इजा भरत नाही. मेसेजखाली बाटलीसाठी फोन नंबर आहेच.

आता ‘बुद्धीने लहान’. बौद्धिक अक्षमता अनेकांना असते, सगळ्यांना नाही. आणि ज्यांना असते तेही मोठे होतातच की! बँकेत काउंटरवर मी उभी, तर कारकून सोबतच्या भावाला विचारतो, “यांना काय हवंय?” मग सही जुळत नाही म्हणून फॉर्म परत. हात ताठरला की माझ्या दोन सह्या सारख्या येत नाहीत. पण खातं माझं, त्यातला पगार माझा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 13मध्ये मालमत्ता बाळगण्याचा आणि आपले पैसे आपण सांभाळण्याचा हक्क इतरांइतकाच दिलाय. फॉरवर्ड करणाऱ्यांनी तेवढं एक कलम वाचावं.

प्रवास, लग्न? दिव्यांग हक्कांसाठी काम करणाऱ्या जीजा घोष यांनाही सेरेब्रल पाल्सी. 2012मध्ये कोलकात्याहून गोव्याला परिषदेसाठी निघाल्या, तर विमानात बसल्यावर त्यांना खाली उतरवलं. बाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 2016मध्ये विमान कंपनीला 10 लाख रुपये भरपाई द्यावी लागली. त्यांनी लग्न केलं, मुलगी दत्तक घेतली.

वयाबरोबर त्रास वाढतो, हे मात्र नाइलाजाने मान्य. मेंदूतली इजा वाढत नाही, पण सांधे लवकर कुरकुरतात, थकवा येतो. तिशीनंतर जिने मला जड जायला लागले. त्यासाठी फिजिओथेरपीला गेले, तर मोठ्यांच्या विभागाने मला लहान मुलांच्या विभागात धाडलं. तिथला वॉकर माझ्या कमरेलाही पोचत नव्हता.