स्मिथ लढाईला गेले नाहीत म्हणून उरले म्हणे! मामाच्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या फॅमिली ग्रुपवर गेल्या आठवड्यात मामाने एक फॉरवर्ड टाकला, तुम्हालाही आला असेल, कारण इंग्रजीत हा किस्सा कित्येक वर्षं फिरतोय आणि आता कोणीतरी मराठीत आणलाय. स्मिथ हे इंग्रजी बोलणाऱ्या जगातलं एक नंबरचं आडनाव का? तर म्हणे मध्ययुगात राजा लढाईला निघाला की गावातले सगळे धडधाकट पुरुष घेऊन जायचा, पण लोहाराला मागे ठेवायचा, कारण तो गेला तर तलवारी कोण घडवणार. बाकीचे मेले, लोहार उरला, त्याला पोरं झाली, म्हणून आज जिकडे बघावं तिकडे स्मिथ. सोबत तोंडी लावायला अजून चार गोष्टी: हा शब्द 'स्माइट' म्हणजे ठोकणे यावरून आला, सगळे स्मिथ लोहारांचेच वंशज, 'वाय' घालून स्पेलिंग लिहिणारे ते खानदानी, आणि अमेरिकेतले स्मिथ म्हणजे एलिस आयलंडवरच्या (न्यूयॉर्कजवळचं, बाहेरून येणाऱ्यांची नोंद करणारं केंद्र) कारकुनाने नाव बदललेले जर्मन श्मिट. आणि शेवटी डायलॉग, स्मिथच्या पूर्वजांनी तलवार घडवली पण कधी उचलली नाही. खाली सहा अंगठे आणि एक 'खूप छान माहिती दादा'.

मामा, रागावू नकोस, पण यातलं खरं एवढंच की स्मिथ खरंच खूप आहेत. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत २४,४२,९७७ स्मिथ निघाले, म्हणजे सव्वाशे माणसांमागे साधारण एक. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८५३ साठी सरकारी रजिस्ट्रारने अंदाज काढला होता तेव्हा २,५३,६०० स्मिथ होते, म्हणजे ७३ माणसांत एक, आणि जोन्स थोडक्यात दोन नंबरला, २,४२,१००. स्कॉटलंडमध्ये स्मिथ पहिला, ऑस्ट्रेलियातही पहिला. इथपर्यंत ठीक, कारण सांगायला लागल्यावर मात्र फॉरवर्ड घसरतो.

आधी शब्दाचं बघू, हे सोपं आहे. जुन्या इंग्रजीत 'स्मिथ' म्हणजे कारागीर, मुख्यतः धातूचा. 'स्माइट'चं जुनं रूप तेव्हा होतं, पण त्याचा अर्थ होता माखणे, लेप फासणे, डाग पाडणे! ठोकण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. त्यामुळे लोहाराला स्मिथ म्हणायला लागले तेव्हा 'ठोकतो तो स्मिथ' असं कोणाच्या डोक्यात असणं शक्यच नाही. जर्मनचा श्मिट, डचांचा स्मिट हे सख्खे भाऊ, आणि आइसलँडमध्ये 'स्मिदुर' म्हणजे आजही सुतारकाम, बांधकाम करणारासुद्धा. इंग्लंडमध्ये कामाप्रमाणे पोटजाती पडल्या त्या फार मजेशीर आहेत: गोल्डस्मिथ कळतोच, ॲरोस्मिथ बाणाची टोकं करणारा, सिक्सस्मिथ ऐकून सहा लोहार वाटतात पण ते विळे करणाऱ्याचं नाव आहे, आणि नेस्मिथ म्हणजे सुऱ्या करणारा. १८९१ मध्ये बास्केटबॉल शोधून काढणारा जेम्स नेस्मिथ म्हणजे आडनावाने सुरीवाला.

आता मुख्य मुद्दा, लढाई. पहिली गोष्ट म्हणजे लोहाराला मागे ठेवायचे हेच खोटं आहे. १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने १५ ते ६० वयाच्या प्रत्येक पुरुषाने ऐपतीप्रमाणे घरात हत्यार ठेवायचं होतं, त्यात लोहाराला सूट वगैरे भानगड नाही. आणि सैन्य म्हणजे काय नुसते तलवारवाले असतात का? हजारो घोडे, त्यांचे नाल झिजतात, गाड्यांची चाकं मोडतात, बाणांची टोकं संपतात, हे सगळं परत गावी पाठवून दुरुस्त करून आणणार का? इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने १३४६-४७ मध्ये फ्रान्समधल्या कॅलेला वेढा घातला त्याच्या पगाराच्या हिशोबात गवंडी, सुतार, तंबूवाले यांच्यासोबत लोहार आहेत, रीतसर पगारावर. लोहार हा सैन्यात सगळ्यात आधी न्यायचा माणूस होता.

दुसरी गोष्ट, गावातला लोहार तलवारी घडवत बसला नव्हता. त्याच्याकडे लोक यायचे ते नांगराचा फाळ शेवटायला, विळ्याला धार लावायला, घोड्याला नाल मारायला, दाराच्या बिजागऱ्या आणि खिळे न्यायला. तलवारीचं पातं हे शहरातल्या खास कारागिरांचं काम, त्यांची वेगळी नावं, वेगळे संघ. लंडनच्या कटलर म्हणजे सुऱ्या-तलवारी बनवणाऱ्या लोकांच्या संघाला पाचव्या हेन्रीची सनद मिळाली ती १४१६ मध्ये, म्हणजे त्याने फ्रेंचांशी लढलेल्या ॲजिनकोर्टच्या लढाईच्या पुढच्या वर्षी. हत्यार बनवल्यामुळे जीव वाचत असता तर कटलर, बाण बनवणारा फ्लेचर आणि धनुष्य बनवणारा बोयर हे पहिल्या तिनात असायला हवे होते, ते तर जवळपासही नाहीत.

आणि आकडे बघा ना. ॲजिनकोर्टला १४१५ मध्ये इंग्रजांचं सैन्य होतं सहा ते नऊ हजार, तेव्हा देशाची लोकसंख्या वीस-पंचवीस लाख. बाकीचे सगळे आपापल्या शेतात होते. लढाईत मरून आडनावांचा क्रम बदलावा एवढी माणसं लढाईला गेलीच नव्हती. माणसं खरी मेली ती १३४८-४९ च्या प्लेगमध्ये, तिसरा हिस्सा ते निम्मी, आणि प्लेगने कोणाला धंदा विचारला नाही.

पण समजा, वादासाठी समजा, की खरंच लोहार सोडून सगळे मेले. तरी हा तर्क चालत नाही, आणि मला वाटतं इथेच त्याची खरी मेख आहे. कारण सुरुवातीला स्मिथ हे आडनाव नव्हतंच, ती ओळख होती. दहाव्या शतकातल्या, उत्तर इंग्लंडमधल्या डरहमकडच्या नोंदीत स्मिथ म्हणवणारा माणूस सापडतो, पण तो स्वतः लोहार होता म्हणून, बाप स्मिथ होता म्हणून नाही. लोहार मेला तर त्याच्या ऐरणीवर जो येऊन उभा राहील तो नवीन स्मिथ. नाव रक्ताला चिकटलेलं नव्हतं, भात्याला चिकटलेलं होतं. ते बापाकडून पोराकडे जायला लागलं साधारण बाराव्या ते चौदाव्या शतकात, कुठे लवकर कुठे उशिरा. १३७९ चा डोईपट्टीचा कर होता, यॉर्कशायरच्या पश्चिम भागातल्या याद्या अजून आहेत, त्यात साध्या माणसाला ४ पेन्स आणि कारागिराला ६ पेन्स किंवा जास्त, म्हणून धंदा मुद्दाम लिहिलाय. त्या याद्या वाचताना आडनाव एक आणि धंदा भलताच अशी माणसं भेटायला लागतात, नाव आणि काम यांची फारकत तिथे डोळ्यांसमोर होताना दिसते.

मग स्मिथ एवढे का? उत्तर फार साधं आहे, त्यामुळेच ते फॉरवर्ड होत नाही. गावात वीस जण शेती करत असतील तर 'शेतकरी जॉन' म्हणून कोण कळणार? पण लोहार एखादाच, त्यामुळे 'लोहार जॉन' म्हटलं की लगेच कळतं. आपल्याकडे गावात पाटील आणि कुलकर्णी एकेकच, पण गावं हजारो, म्हणून आज इतके पाटील-कुलकर्णी, तसंच. आणि दुसरं कारण मला जास्त आवडतं: लोहाराला सगळ्या इंग्लंडभर एकच शब्द होता. विणलेलं कापड पाण्यात तुडवून घट्ट करणाऱ्याचं बघा, उत्तरेत तो वॉकर, आग्नेयेकडे फुलर, नैर्ऋत्येकडे टकर, एकाच धंद्याची तीन आडनावं झाली आणि मतं फुटली. विणकराचंही तेच, वेब, वेबस्टर, वीव्हर. स्मिथची मतं फुटली नाहीत.

युरोपात जरा फिरून या म्हणजे पटेल. लढाया सगळ्यांनीच केल्या, पण जर्मनीत पहिला नंबर म्युलर, म्हणजे पिठाच्या गिरणीवाला, श्मिट दुसरा, त्यात परत श्मिड, श्मिट्झ अशी स्पेलिंगं वेगळी मोजली जातात. फ्रान्समध्ये लोहार लफेव्र, फाब्र, फोर, फाव्र असा बोलीप्रमाणे विखुरला आणि पहिला नंबर मार्तँ घेऊन गेला. पोलंडमध्ये पहिला नोवाक, म्हणजे गावात नव्याने आलेला, लोहाराचा कोवाल्स्की त्याच्या मागे. इटलीत लोहार म्हणजे फेरारी, हे सांगितल्यावर मामा जरा खूश होईल. खुद्द वेल्समध्ये, इंग्लंडच्या शेजारी, जोन्स, विल्यम्स, डेव्हिस हे स्मिथच्या पुढे आहेत कारण तिथे बापाच्या नावावरून आडनावं पडली. वेल्सचे लोहार काय सगळे लढाईत मेले?

आता 'सगळे स्मिथ लोहारांचे वंशज' हे. आयर्लंडमध्ये १४६५ मध्ये इंग्रजांनी कायदा केला की त्यांच्या ताब्यातल्या भागातल्या आयरिश माणसांनी इंग्रजी आडनाव घ्यायचं, गावाचं, रंगाचं, धंद्याचं किंवा हुद्द्याचं, आणि धंद्याचं उदाहरण म्हणून कायद्यातच लिहिलं: स्मिथ किंवा कारपेंटर! म्हणजे सरकारने फॉर्म भरायचा नमुनाच दिला. शिवाय तिथले मॅकगोवन, ज्याचा अर्थ लोहाराचा मुलगा, त्यातले कितीतरी पुढे सरळ भाषांतर करून स्मिथ झाले, विशेषतः कॅव्हन परगण्यात. १८९० च्या मोजणीत अख्ख्या आयर्लंडमध्ये स्मिथ पाचवे होते, ३३,७०० च्या आसपास. इंग्लंडच्या रोमानी, म्हणजे जिप्सी लोकांमध्ये पेट्युलेंग्रो नावाचं कूळ आहे, ते बाहेरच्यांशी बोलताना स्वतःला स्मिथ म्हणवायचे, अर्थ तोच, नालबंद. शब्दाचा पुढचा भाग ग्रीक नालाचा आणि शेपूट रोमानी, म्हणजे आपल्या हिंदी-मराठीच्या कुळातल्या भाषेचं, तेव्हा जगातल्या सगळ्या स्मिथांत आपल्याला जवळचे हेच. आणि अमेरिकेत २०१० च्या आकड्यांप्रमाणे स्मिथांपैकी जवळपास २३ टक्के कृष्णवर्णीय आहेत, त्यांच्याकडे हे नाव गुलामगिरीच्या इतिहासातून आलं, यॉर्कशायरच्या ऐरणीवरून नाही.

डीएनएवाल्यांनीही तपासून बघितलंय. लेस्टर विद्यापीठातल्या ट्युरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी २००९ मध्ये ब्रिटिश आडनावं घेऊन बापाकडून येणारा वाय क्रोमोसोम पाहिला. ॲटनबरोसारख्या दुर्मिळ आडनावात बहुतेक पुरुष एकाच पूर्वजाचे निघाले, स्मिथांमध्ये मात्र रस्त्यावरून कोणीही चार माणसं उचलावीत तेवढीच सरमिसळ. एक घराणं नाहीच ते.

'वाय'वाल्या खानदानी स्पेलिंगबद्दल फार वेळ घालवत नाही. कित्येक शतकं स्पेलिंग ठरलेलंच नव्हतं, लिहिणाऱ्या पाद्रीबुवांच्या मनात येईल ते, एकाच माणसाचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेने. नंतर काही घरांनी जुनं वळण मुद्दाम जपलं, एसेक्समधल्या एका सरदार घराण्याने तर 'वाय'वर दोन टिंबं द्यायची जुनी पद्धत चालू ठेवता ठेवता नाव 'आय' आणि 'जे' घालून लिहायला सुरुवात केली. यात मोठेपणा एवढाच की गर्दीत वेगळं दिसावं.

एलिस आयलंडचं तर तारखांवरच संपतं. ते केंद्र उघडलं १८९२ मध्ये, आणि अमेरिकेच्या पहिल्या, १७९० च्या जनगणनेतच स्मिथ पहिल्या नंबरवर होते, शंभर वर्षं आधी. शिवाय तिथला इन्स्पेक्टर कोऱ्या कागदावर नाव लिहीतच नव्हता, जहाज निघतानाच बंदरावर केलेली उतारूंची यादी त्याच्या हातात असायची आणि तो त्यावर खुणा करायचा. श्मिटचे स्मिथ झाले हे खरं, भरपूर झाले, पण ते लोकांनी आपणहून केलं, कोणी दुकानाच्या पाटीसाठी, कोणी पहिल्या महायुद्धात जर्मन नाव डोळ्यांवर यायला लागलं म्हणून. म्हणजे फॉरवर्डप्रमाणे लढाईला न गेल्याने स्मिथ वाढले, आणि प्रत्यक्षात एका महायुद्धामुळे वाढले, घ्या!

राहिला तो शेवटचा डायलॉग, तलवार कधी उचलली नाही वाला. मामा, तू स्वतः इतिहासाचा मास्तर. खडकीच्या लढाईनंतर दुसऱ्या बाजीरावाच्या मागे महिनोनमहिने लागलेला इंग्रज सेनापती कोण, तर जनरल लायोनेल स्मिथ. फेब्रुवारी १८१८ मध्ये पंढरपूरजवळच्या आष्टीला बापू गोखले पडले ते याच्या फौजेशी लढताना, आणि त्या धुमश्चक्रीत या स्मिथच्या डोक्यालाही तलवारीचा वार लागला होता. पुढच्याच वर्षी, २८ एप्रिल १८१९ ला, मद्रासकडच्या घोडदळातला दुसरा एक स्मिथ, जॉन स्मिथ, वाघाच्या शिकारीला म्हणून फिरताना अजिंठ्याच्या घळीत शिरला आणि दहा नंबरच्या लेण्यात नाव-तारीख खरवडून आला. तेव्हा लेण्यात पाचेक फूट राडारोडा साचलेला होता, त्यावर उभं राहून त्याने हे केलं, म्हणून आता ते बघायला मान वर करावी लागते. दिवाळीत जाऊ तेव्हा दाखवतो.