स्मरणचित्रात स्मरण कुठाय?

नववीच्या पोरांना सांगा 'सामाजिक विषयावर चित्र काढा', काय येतं माहितीये? रडणारी पृथ्वी, डोक्याला बँडेज, अर्धं झाड हिरवं अर्धं वाळलेलं, खाली 'झाडे लावा झाडे जगवा'. ४० कागद, ४० सेम पृथ्व्या. पुण्यात इतकी वर्षं ड्रॉइंग शिकवतोय, पोरांचा दोष नाही हो, आपण स्लोगन मागतो म्हणून स्लोगन मिळतं.

गंमत म्हणजे इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला स्मरणचित्र, म्हणजे पाहिलेलं आठवून काढायचं चित्र, आहेच की. बसस्टॉप, भाजीमंडई, सगळे रस्त्यावरचे विषय. पण क्लासवाले चार फिगर पाठ करून घेतात, छत्रीवाला, टोपलीवाली, पाठमोरा मुलगा, की डकवा कुठेही. या परीक्षेत ए ग्रेड आली की दहावीत ७ मार्क जादा, मग रिस्क कोण घेणार! रोज पीएमपीच्या बसला लटकून येणारा पोरगा कागदावर मात्र चकाचक बसस्टॉप काढतो.

म्हटलं एकदा बघूच. 'आज घरून शाळेत येताना जे खटकलं ते काढा, अक्षर एकही लिहायचं नाही.' वीस मिनिटं नुसती कुजबुज. मग एकीनं लिफ्टचं बंद दार काढलं आणि शेजारच्या जिन्यात कठड्याला धरून चढणारी मावशी. त्यांच्या सोसायटीत कामवाल्यांना लिफ्ट बंद आहे म्हणे. प्रपोर्शन गंडलेलं, पाय आखूड, पण मी पेन्सिल लावलीच नाही.

आणि मग मी माती खाल्ली. उत्साहात चित्र बोर्डावर लावायला निघालो तर मागच्या बाकावरची एक जण हळूच येऊन म्हणाली, सर नका ना लावू, माझी आई तिथेच जाते कामाला. मी वर्गासमोर जे मिरवणार होतो ते तिच्या घरचं होतं. नाही लावलं. नंतर त्या दोघी बराच वेळ बोलत होत्या, काय ते मी विचारलं नाही.

पुढच्या तासाला चित्रकार सुधीर पटवर्धनांची चित्रं दाखवली. जन्म पुण्यातला, डॉक्टरकी इथल्याच एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात, मग ठाण्यात रेडिओलॉजिस्टचं काम सांभाळून कामगार, लोकल, रस्त्यावरची माणसं रंगवली. एकानं विचारलं, 'सर यात मेसेज काय आहे?' बघा, किती पक्कं बसवलंय आपण! मी म्हटलं मेसेज सोड, माणसं कशी दिसतायत? म्हणाला, दमलेत.

एका पालकांचा फोन आलाच, सर हे परीक्षेला आहे का? म्हटलं आहे की, स्मरणचित्र, बसस्टॉप. सोमवारी तेच घेतोय, फक्त पाठ केलेली टोपलीवाली दिसली की कागद परत.