अम्दा सेयोनच्या हाती बंदुका कशा द्याव्यात

टेबलावर फिगर, म्हणजे सैनिकांचे चिमुकले पुतळे, मांडून लढाया खेळायच्या वॉरगेमसाठी मध्ययुगीन इथिओपियाची आर्मी लिस्ट, म्हणजे कोणते सैनिक किती घ्यायचे याची यादी, हाती आली की आधी वर्षांचा रकाना अंगठ्याने झाका. यादी कित्येक शतकांची, फौज मात्र तुम्हाला येत्या रविवारीच टेबलावर मांडायची आहे. तेव्हा १३३२ मध्ये शेजारच्या इफात सल्तनतीवर चालून गेलेल्या इथिओपियाच्या सम्राट अम्दा सेयोनचे घोडेस्वार घ्या आणि त्यांच्या शेजारी १५४१ चे पोर्तुगीज बंदूकधारी उभे करा. मधल्या २०९ वर्षांचा विषय कुणी काढलाच, तर सांगा, आरमार गोव्याहून निघालं होतं. वारा चांगला असता तर आधीही पोचलं असतं.

त्या पोर्तुगिजांचा नेता क्रिस्तोव्हाव द गामा याच्याबरोबर जेमतेम ४०० माणसं होती, म्हणून यादीने त्यांना मूठभर बेस (फिगर चिकटवायच्या पट्ट्या) दिले असतील. तो यादीचा कोतेपणा. समोर शत्रूची, म्हणजे अदल सल्तनतीची, फौज घेणाऱ्या मित्रालाही हाच मंत्र द्या. वोफलाच्या लढाईत अदलचा नेता इमाम अहमद याच्याकडे ९०० तुर्की बंदूकधारी होते. जिंकल्यावर त्याने सुमारे २०० ठेवून बाकीच्यांना परत पाठवलं आणि २१ फेब्रुवारी १५४३ ला वायना दगाच्या लढाईत जीव गमावला. चूक त्याची, मित्राने का भोगावी? पुरे ९०० मांडू द्या.

आता ‘अपग्रेड’, म्हणजे जास्त पॉइंट (प्रत्येक सैनिकाची खेळातली किंमत) भरून सैनिक बदलून घेणं. समजा लिहिलंय: भालेवाले ८ ते २४, त्यांपैकी ८ पर्यंत धनुर्धारी करता येतील. सरळमार्गी माणूस १६ भालेवाले आणि ८ धनुर्धारी घेतो, वर फरकाचे पॉइंटही भरतो. तुम्ही ‘त्यांपैकी’ हा शब्द गाळा: २४ अधिक ८, एकूण ३२. ‘सर्व किंवा एकही नाही’ अशी अट असेल तर ‘किंवा’वर वाद घाला, निदान पहिली चाल तरी लांबते. आणि किमान आकडे नेहमी शेवटी भरा. ४०० पॉइंट घोडेस्वारांत उडवल्यावर सक्तीच्या ८ भालेवाल्यांना जागा उरत नाही, मग यादी अन्यायकारक आहे हे आपोआपच सिद्ध होतं.

पायदळाला ‘स्पिअर’ (दाट रांगेतले भालेवाले) म्हणायचं की ‘ऑक्झिलिया’ (विरळ, चपळ पायदळ), यावर जाणकार रात्री जागवतात. १५ मिमीच्या फिगर असतील तर ४० मिमी रुंद बेसवर ४ चिकटवल्या की स्पिअर, ३ चिकटवल्या की ऑक्झिलिया. स्पिअर मोकळ्या मैदानात भक्कम, पण खडकाळ चढावर मार खातात. ऑक्झिलिया चढ सहज चढतात, पण मैदानात लवकर मोडतात. म्हणून फिगर ब्लू-टॅकने, म्हणजे सहज निघणाऱ्या चिकट लगद्याने, लावा. डोंगर आला की चौथा गडी हळूच खिशात.

सरदार प्रवासात खेचरावर बसत आणि घोडा लढाईसाठी राखून ठेवत. या एका वाक्याच्या जोरावर सगळं पायदळ खेचरांवर चढवता येतं. खेचरं कमी पडली तर गाढवांना तपकिरी रंग द्या, तीन फुटांवरून फरक कळत नाही.

फिगर मिळत नसतील तर १८९६ च्या अदवाच्या लढाईतल्या, रायफलवाल्या इथिओपियन सैनिकांच्या घ्या. रायफल कापा, मुठीतून बारीक ड्रिलने आरपार भोक पाडा आणि पितळी तारेचा भाला बसवा. मूठ फुटली की तिथे ढाल चिकटवा. म्हणूनच तुमच्या फौजेत ढाली जास्त दिसतील, आणि ते ऐतिहासिकही वाटेल. कमरेचा काडतुसांचा पट्टा मात्र तासायचा कंटाळा करा. कुणी विचारलंच तर तो ताईतांचा आहे म्हणा.

पंचांना द्यायच्या कागदावर फौजेचं वर्ष लिहायला एक चौकट असते. तिच्यावर चहा सांडा.