दोन ताऱ्यांचा मतदार

नगरपरिषदेच्या निवडणुकीत मत द्यायचं असेल, तर नाव नोंदवायला नगरपरिषदेत जाऊ नये. तिथे घरपट्टी घेतात, पाणीपट्टी घेतात, जन्म-मृत्यूचे दाखले देतात. मतदार मात्र तिथे जन्माला येत नाही. निवडणूक घेतो राज्य निवडणूक आयोग, पण यादी असते भारत निवडणूक आयोगाची, तीही विधानसभेची. राज्य आयोग ती उचलतो आणि प्रभागाप्रभागांत फोडतो. पदरचं एक नाव घालत नाही. म्हणजे गटार तुंबल्याचा राग ज्यांच्यावर काढायचा, त्यांना निवडण्याची परवानगी तहसीलमधून आणायची.

आम्ही पेठेतलं घर सोडून नाल्यापलीकडच्या कॉलनीत राहायला आलो, तेव्हा अर्जांचा अभ्यास करूनच मी कचेरीत गेलो होतो. २०२२ पासून सहा नंबरचा अर्ज फक्त नव्या मतदाराचा. नाव वगळायला सात. पत्ता बदलणं, चुका दुरुस्त करणं, हरवलेलं कार्ड मागणं, हे सगळं आठ नंबरात. मला हे पाठ होतं. खिडकीतल्या भाऊसाहेबांना नव्हतं.

"नवीन पत्ता ना? मग नवीन मतदार. सहा भरा."

"अहो, पण यादीत नाव आहे माझं."

"आहे ना? मग कशाला आलात?"

यावर उत्तर नव्हतं. घरी येऊन मी पोर्टलवर आठ नंबरच भरला. यथावकाश बीएलओ बाई, म्हणजे आमच्या केंद्राची मतदारयादी सांभाळणाऱ्या, पडताळणीला आल्या. मराठी शाळेत चौथीच्या वर्गशिक्षिका. शाळा सुटल्यावर पिशवीत वह्यांचा गठ्ठा आणि हातात याद्यांचा गठ्ठा घेऊन दारोदार फिरत होत्या. त्यांच्या यादीत प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं होतं: 'पुण्याला', 'लग्न झाले', 'मयत', 'कुत्रा आहे'. मोबाइलवर माझी माहिती चढवायला त्यांना रेंज मिळेना, म्हणून त्या आधी खिडकीशी गेल्या, मग गॅलरीत, मग गच्चीवर. लोकशाहीसाठी इतक्या पायऱ्या चढणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. चहाला थांबा म्हटलं तर म्हणाल्या, "अजून अख्खी गल्ली राहिलीये हो."

कॉलनीच्या यादीत नाव आलं. आता फक्त निवडणूक यायची बाकी होती. ती २०१६ नंतर आमच्याकडे फिरकलीच नव्हती.

४ नोव्हेंबर २०२५ ला एकदाची घोषणा झाली. रातोरात चौकाचौकांत 'भावी नगराध्यक्ष' उगवले. शेजारच्या पोराने त्याच उत्साहात मोबाइलवर सहा नंबर भरला आणि मला म्हणाला, "काका, या वेळी माझं पहिलं मत." त्याला सांगणं माझ्या जिवावर आलं. यादी धरली होती १ जुलैची. घोषणेचं वाजतगाजत येईपर्यंत दार केव्हाच बंद झालेलं असतं, आणि ते बंद होताना कोणी ढोल वाजवत नाही. खरं तर बॅनर त्याचेच लावायला हवेत.

माझी चिंता वेगळीच निघाली. प्रभागाच्या यादीत माझं नाव होतं, आणि त्यासमोर ताऱ्यांसारख्या दोन फुल्या. म्हणजे 'संभाव्य दुबार मतदार'. पेठेतलं जुनं नाव कोणी काढलंच नव्हतं. तिथेही मी होतो, तिथेही दोन फुल्या. फौजदाराला खांद्यावर दोन तारे मिळायला परीक्षा द्यावी लागते, मला ते घर बदलल्याबद्दल मिळाले. मग कोणत्या केंद्रावर मत देणार ते लिहून दिलं. असं लिहून न देणाऱ्यांकडून केंद्रावरच 'दुसरीकडे मत दिलेलं नाही' असं लिहून घेणार होते.

पोर्टलवर नाव शोधायचं तर कॅप्चा, ओटीपी आणि वर 'माहिती उपलब्ध नाही'. तेच नाव गल्लीतला कार्यकर्ता डोळे मिटून सांगतो. "काका, तुमचं पेठेतलं आम्ही धरलेलं नाही, कॉलनीतलं धरलंय. वहिनींची खोली वेगळी आहे बरं का. आणि तुमचे वडील अजून आहेत यादीत." वडील जाऊन बरीच वर्षं झाली. क्षणभर बरं वाटलं.

२ डिसेंबरला सकाळी साडेसातला केंद्र उघडलं, तेव्हा मी रांगेत होतो. इथे एका मतावर भागत नाही. आमच्या प्रभागात दोन सदस्य आणि थेट निवडून द्यायचा नगराध्यक्ष, अशी तीन मतं. तिन्ही दिल्याखेरीज यंत्र शेवटची लांब शिट्टी घालत नाही. माझ्यापुढच्या आजोबांनी एक बटण दाबलं आणि शांतपणे बाहेर निघाले.

"बाबा, अजून दोन राहिली!"

"बाकीच्यांना नाही द्यायचं मला."

"मग नोटा दाबा. पण दाबा!"

आजोबा परत आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले. नोटाचं बटण कुठे आहे ते मोठ्याने सांगायचं की नाही, यावर अधिकाऱ्यांत कुजबुज सुरू झाली. अखेर शिट्टी वाजली आणि सगळ्या रांगेने सुस्कारा सोडला. माझ्या फुल्यांचं मला दडपण होतं, पण कार्ड पाहून, सही घेऊन, बोटाला शाई लावून मला अगदी साध्या मतदारासारखं आत सोडलं. बायकोला मात्र मत कुणाला गेलं ते दाखवणारी चिठ्ठी या यंत्राला नाही, हे पटेना. "मग कळणार कसं?" हा प्रश्न तिने मलाच विचारला.

निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा होता. पण काही ठिकाणचं मतदान २० तारखेवर गेलं आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळीकडची मोजणी एकदमच २१ डिसेंबरला करायला सांगितली. त्या मधल्या दिवसांत आमच्या गावात पडलेला उमेदवार एकही नव्हता. सगळे निवडून आल्यासारखे चालत होते, आणि सगळेच मला नमस्कार करत होते.

पेठेतलं नाव काढायला मी आता सात नंबर भरलाय. तिथल्या बीएलओंचा परवा फोन आला.

"सर, पडताळणीला तुमच्या पत्त्यावर जाऊन आलो. तुम्ही तिथे राहत नाही म्हणाले."

"बरोबर आहे. म्हणून तर नाव काढायचंय."

"हो, पण अर्जदार पत्त्यावर भेटला पाहिजे ना, सर!"