प्रोजेक्ट करून राहिले न? मग हे वाचा

काल दिवसभर व्हायव्हा घेतल्या. विषय नागपूरचा इतिहास. तेव्हा कळलं की रिसर्च आता आमच्या वेळेसारखं लायब्ररीत धूळ खायचं काम राहिलं नाही, पाच मिनिटांचं काम झालंय. तर नव्या पोट्ट्यांसाठी थोडं फुकट मार्गदर्शन.

गुगलवर सगळ्यात वर जे येईल तेच खरं माना. 'स्पॉन्सर्ड' लिहिलं असलं तरी घ्या, बिचाऱ्यांनी वर यायचे पैसे मोजलेत.

लेखक शोधू नका. 'अ‍ॅडमिन' हे चांगलं घरंदाज नाव आहे.

तारीख? सोडा.

शेवटी डॉट ओआरजी दिसलं की हात जोडा. ते नाव पैसे भरून कोणालाही मिळतं, आमच्या चौकातल्या पानठेलेवाल्यालाही, पण आपण तिकडे कशाला लक्ष द्यायचं.

अन् एकच गोष्ट पाच साईटवर सापडली की झाले पाच पुरावे. पाचही ठिकाणी शुद्धलेखनाची तीच चूक असली तर योगायोग समजा. काल अकरा जणांनी लिहून आणलं की लॅम्बटन साहेबांनी १९०७ मध्ये झिरो माईल, म्हणजे आपल्या नागपुरातला तो दगडी खांब, उभारला, अकराही जणांचं वाक्य स्वल्पविरामासकट तेच. आता हा विल्यम लॅम्बटन १८०२ मध्ये मद्रासकडून देश मोजत निघाला अन् १८२३ मध्ये नागपूरला येता येता हिंगणघाटला वारला, कबर तिथेच आहे, म्हणजे ८४ वर्षांनी हा भला माणूस कबरीतून उठला, नागपुरात बर्डीपर्यंत आला, खांब रोवला अन् परत जाऊन झोपला? काहून बे, हे कुठून आणलं विचारलं, तर म्हणे सर, नेटवर आहे. अबे नेटवर तर युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात बेस्ट ठरवलं हेही आहे! युनेस्कोनं स्वतः नाही म्हटलं, तरी दर पंधरा ऑगस्टला माझ्या काकांच्या मोबाईलवरून ते येतेच.

वरून 'भारताचा मध्यबिंदू' सगळ्यांनी लिहिलंच. तिथल्या दगडावर काय कोरलंय? जी.टी.एस. स्टँडर्ड बेंच मार्क, १९०७. जी.टी.एस. म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, लॅम्बटननं सुरू केलेली तीच देश मोजायची मोहीम. बेंच मार्क म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची मोजायची खूण, त्याचा मध्यबिंदूशी काय संबंध? झिरो माईल नावाचं मेट्रो स्टेशन आहे बाप्पा, उतरा अन् वाचा.

एकीनं तर पान नंबरासकट एका पुस्तकाचा संदर्भ दिला. मी अर्धा दिवस शोधलं. ते पुस्तक कोणी लिहिलंच नाही, चॅटबॉटनं तिला बनवून दिलं होतं.

नाही, पुरे झाली मस्करी. लाज वाटत नाही का रे? विकिपीडिया वाचा, मी कधी नाही म्हटलं? पण वाक्याच्या शेवटी तो संदर्भाचा बारीक आकडा असतो, त्यावर बोट ठेवायला काय जाते? लिंक मेलेली निघते नाहीतर फिरून त्याच ब्लॉगवर नेते, मग तरी डोकं चालवा की हे कोणी लिहिलं अन् त्याला कसं माहीत. माणूस मेला कधी अन् खांब लागला कधी, एवढी वजाबाकी चौथीतलं पोरगं करते, अन् तुम्ही पदवी घ्यायला निघाले!

अकराही जणांनी सोमवारी परत यायचं, त्या दगडाचा फोटो घेऊन. फोटोत तुमचं तोंड दिसलं पाहिजे, एरवी सगळीकडे सेल्फी काढताच न.